वणव्यानंतरचा उतार : प्रकल्प नोंदी

२१ मार्च

वणवा विझला, आज पहिली फेरी. वरच्या अंगाला काही बुंधे अजून आतून धुमसताहेत. आग मुळांच्या वाटेनं जमिनीखाली शिरते आणि वरून काहीच कळत नाही, म्हणून काठीनं जमीन टोकत चाललो. मुळं जळून पोकळ झालेल्या जागी पाय खचतो. बुडाशी जळालेल्या, कललेल्या झाडाखाली कुणीही थांबायचं नाही, हा नियम आजपासून लागू.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच : रोपं कधी लावायची? मदतीला यायला लोक तयार आहेत, रोपवाटिकेत रोपंही तयार आहेत. लोकांची तळमळ खरी आहे, म्हणून नाही म्हणणं जड जातं. तरी पहिल्या पावसानंतर महिनाभर कुणी खड्डा खणायचा नाही असं सांगितलं आहे. काय मेलं आणि काय नुसतं काळं झालं हे आज कुणालाच सांगता येणार नाही. ते कळायच्या आत कुदळ चालवली तर ती जिवंत मुळांवरच पडणार.

२२ मार्च

झाडं तपासायला घेतली. छातीच्या उंचीवर आणि बुडाशी, चारही बाजूंनी, चाकूनं साल जराशी तासायची. वरची साल कोळसा झालेली असली तरी आत ओला, फिकट हिरवट थर लागला तर ती बाजू जिवंत. तोच थर तपकिरी, सुका आणि आंबूस वासाचा लागला तर तिथलं कॅम्बियम, म्हणजे सालीखालचा वाढीचा थर, गेलं. चारही बाजू गेल्या असतील तरच वरचं झाड मेलं असं लिहायचं, आणि तेव्हाही मूळ मेलं असं लिहायचं नाही.

कॅम्बियमच्या पेशी साधारण ६० अंश सेल्सियसला मरतात. बाहेर ज्वाळा कितीही तापलेली असो, तेवढी उष्णता सालीच्या आत किती वेळात पोचते यावर सगळं ठरतं. साल दुप्पट जाड असेल तर आतला थर मरायला जवळपास चौपट वेळ लागतो. म्हणून गवताची आग झपाट्यानं निघून गेली तिथली मोठी झाडं वाचली आहेत, आणि जिथं पडलेला ओंडका रात्रभर जळत राहिला तिथं त्याच्या शेजारचं चांगलं जाडजूड झाडही गेलं आहे.

आणखी एक गोष्ट आज नीट दिसली. जळाल्याची काळी खूण वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला जास्त उंच चढलेली आहे. वारा बुंध्याला वळसा घालून जातो तेव्हा पाठीमागे ज्वाळा खेचली जाते आणि तिथंच घुटमळते. त्यामुळे आग कुठल्या बाजूनं आली हे एकेका झाडावरून वाचता येतं. नकाशावर बाण काढत गेलो तर आग खालच्या वाटेकडून वर चढल्याचं स्वच्छ उमटलं.

२५ मार्च

उपग्रहाची चित्रं मिळाली, वणव्याच्या आधीची आणि नंतरची. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगाच्या लगतचा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतं, लघुलहरी अवरक्त कमी. जळालेल्या जमिनीचं उलट असतं. या दोन पट्ट्यांतला फरक भागिले त्यांची बेरीज, हा निर्देशांक आधीचा वजा नंतरचा केला की जळण्याची तीव्रता रंगांत उमटते.

नकाशा पाहून बैठकीतला सूरच पालटला. दुरून सगळा उतार एकसारखा काळा दिसतो. प्रत्यक्षात तो ठिपक्याठिपक्यांचा आहे : बहुतेक भाग हलका किंवा मध्यम, मधली घळ आणि तिच्या दोन्ही कडा तीव्र, आणि अधूनमधून अजिबात न जळलेली बेटं. ही बेटं सर्वांत आधी जपायची. बी, कीटक, बुरशी, पक्षी सगळं तिथूनच पसरणार आहे. तिथून कुणीही वाट काढायची नाही, सामान टाकायचं नाही.

२७ मार्च

मातीची तपासणी. राख हलक्या हातानं बाजूला सारली, खालच्या मातीवर ड्रॉपरनं पाण्याचा थेंब सोडला आणि घड्याळ लावलं. हलक्या भागात थेंब लगेच जिरला. मध्यम भागात, बोटाच्या पेराएवढं खाली गेल्यावर, थेंब गोल मणी होऊन मातीवर बसून राहिला. पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबला तर माती पाणी झिडकारते असं मानतात. इथं काही ठिकाणी मिनिट उलटलं तरी थेंब जागचा हलला नाही.

कारण असं : पालापाचोळा जळताना त्यातले मेणचट पदार्थ वाफ होऊन खाली शिरतात आणि थंड मातीच्या कणांवर बसतात. माती १७५ ते २०० अंशांपर्यंत तापली की हा थर सर्वांत पक्का होतो. तापमान २८० च्या पुढं गेलं की मोडू लागतो. म्हणून सर्वांत जास्त जळलेल्या जागी पृष्ठभागावर थेंब जिरतो आणि थर आणखी खाली सापडतो. वरची माती पाणी पिते, खालची अडवते, आणि मुसळधार पावसात वरचा सगळा थर घसरून जातो. घळीत नेमकी हीच स्थिती आहे.

माती स्वतः मात्र उष्णता फार आत जाऊ देत नाही. जरा खोल खणलं तर मुळं पांढरी, लवचीक लागतात. गवताची आग वरून गेलेल्या जागी दोन-तीन सेंटिमीटरवरचं बीसुद्धा सहज वाचतं.

३१ मार्च

बैठक लांबली. विषय : जळालेली उभी झाडं काढायची की ठेवायची. लाकूड आत्ताच काढलं तर काही पैसे येतील, नंतर भुंगे लागून ते वाया जाईल, असं म्हणणारे आहेत. म्हणणं चुकीचं नाही, पण हिशेब अर्धाच मांडलेला आहे.

अमेरिकेत ओरेगनमधल्या २००२ च्या बिस्किट वणव्यानंतर काही भागातलं लाकूड काढलं आणि काही भाग तसाच ठेवला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आपोआप उगवलेली रोपं हेक्टरी ७६७ होती. लाकूड काढलेल्या भागात ती २२४ वर आली. ओंडके ओढताना रोपं चिरडली गेली आणि फांद्यांचा सुका कचरा जमिनीवर पडून पुढच्या आगीला इंधन वाढलं. त्या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला, पण ओढकामानं उतार खरवडला जातो यात वाद नाही.

शिवाय मेलेलं झाड जंगलाच्या दृष्टीनं निकामी नसतं. मेलॅनोफिला नावाच्या भुंग्यांच्या छातीजवळ अवरक्त किरण ओळखणारे खळगे असतात. ते आगीच्या दिशेनं उडत येतात आणि नुकत्या जळालेल्या लाकडात अंडी घालतात, कारण झाडाचा प्रतिकार तिथं संपलेला असतो. त्या आणि तशा इतर भुंग्यांच्या अळ्यांवर उत्तर अमेरिकेतला काळ्या पाठीचा सुतार पक्षी जगतो आणि ताज्या जळीत जंगलातच सर्वांत जास्त दिसतो. त्यानं कोरलेल्या ढोली पुढं इतर पक्ष्यांना मिळतात. जळीत जंगल ही स्वतःची एक वस्ती आहे आणि ती थोडीच वर्षं टिकते.

ठरलं : वाटेवर पडू शकतील तेवढीच झाडं पाडायची आणि तीही उताराला आडवी, जमिनीला घट्ट टेकवून ठेवायची. बाकी उभी राहतील.

८ एप्रिल

घळीच्या दोन्ही कडांवर पेंढ्याचं आच्छादन घातलं. जमीन जेमतेम झाकेल इतकंच. फार जाड झालं तर खालून कोंब वर येत नाही. पेंढा तणाच्या बिया नसलेला हवा, नाहीतर दुरुस्तीच्या नावाखाली आपणच नवं तण आणून टाकायचं. प्रत्येक गठ्ठा सोडून पाहिला, संशय आला तो परत पाठवला.

झटपट उगवणारं परकं गवत पेरा, असं एकानं सुचवलं. कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं जळालेल्या डोंगरांवर रायग्रास पेरलं जायचं. पहिल्या मोठ्या पावसाआधी ते मुळं धरत नाही, म्हणजे माती वाहण्याच्या ऐन वेळी त्याचा उपयोग नाही. आणि चांगलं उगवलंच तर स्थानिक रोपांची जागा खातं. पेंढा पडल्या दिवसापासून काम करतो. पेरणी नाही.

१९ एप्रिल

पाऊस यायला वेळ आहे. या कामावरून लिहायच्या मार्गदर्शिकेचं पहिलं प्रकरण आज लिहून काढलं. त्यात मांडायचं आहे ते थोडक्यात इथं.

दगडांत सापडणारा कोळसा सांगतो की जमिनीवर झाडंझुडपं पसरू लागल्यापासून, साधारण ४२ कोटी वर्षांपासून, वणवे लागत आले आहेत. माणूस फार नंतरचा. अनेक वनस्पतींचं आयुष्य आगीच्या फेऱ्यांना धरून घडलेलं आहे. उत्तर अमेरिकेतल्या लॉजपोल पाइनचे बी धरणारे काही शंकू राळेनं बंद असतात, ती आगीच्या उष्णतेनं वितळते. ऑस्ट्रेलियातल्या बँक्सियाच्या अनेक जातींची फळं आगीनंतर उकलतात. निलगिरीच्या अनेक जातींच्या सालीखाली आणि बुडाच्या गाठीत कोंब झोपलेले असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या फिनबॉस या झुडपी रानाला साधारण १० ते ३० वर्षांनी आग लागली नाही तर झुडपं म्हातारी होऊन मरू लागतात आणि नवी उगवत नाहीत.

हे समजायला माणसाला वेळ लागला आणि त्याची किंमत जंगलांनी मोजली. ऑगस्ट १९१० मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जळालं, ८५ हून जास्त माणसं गेली. त्या धक्क्यातून प्रत्येक आग विझवायचीच असं धोरण आलं. १९३५ मध्ये तर दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत आटोक्यात यायलाच हवी असा दंडक झाला. लहान आगी थांबल्या, पाचोळा आणि दाट झुडपं साठत गेली. पूर्वी बुंध्याशी खेळून जाणारी आग शेंड्यापर्यंत चढू लागली. प्रचंड सेक्वोया झाडं हजारो वर्षं वणवे सोसत आली, त्यांची साल अर्धा मीटरपर्यंत जाड असते. पण २०२० च्या एकट्या कॅसल वणव्यात जगातल्या मोठ्या सेक्वोयांपैकी १० ते १४ टक्के मेली असा अंदाज आहे.

अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण उलटं आहे आणि तेवढंच महत्त्वाचं. १९८८ च्या उन्हाळ्यात उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग जळाला. हजारो माणसं झुंजत होती, पण आग खरी मंदावली ती सप्टेंबरमध्ये पाऊस आणि बर्फ पडल्यावर. तेव्हा उद्यान संपलं असं सर्वत्र लिहिलं गेलं. जंगलाची सरसकट लागवड तिथं केली नाही. पाइनची रोपं आपली आपण उगवली, काही ठिकाणी पाय ठेवायला जागा राहिली नाही इतकी दाट. मात्र त्यातलं काही तरुण जंगल २०१६ मध्ये, म्हणजे २८ व्या वर्षी, पुन्हा जळालं. शंकूंचा साठा पुरेसा भरण्याआधी आग परत आली तर तेच जंगल तितक्या जोमानं उठत नाही.

म्हणून आग चांगली की वाईट हा प्रश्नच मला बिनकामाचा वाटतो. किती वर्षांनी, कुठल्या ऋतूत, किती तीव्र आणि केवढ्या तुकड्यात, हे चार प्रश्न विचारायचे. आणि काही ठिकाणी उत्तर सरळ 'कधीच नको' असं असतं. ॲमेझॉनच्या वर्षावनातल्या झाडांची साल पातळ. गुडघ्याएवढी, सावकाश सरकणारी ज्वाळाही त्यांना पुरेशी ठरते. इंडोनेशियात २०१५ मध्ये सुमारे २६ लाख हेक्टर जळालं, त्यातला मोठा भाग पाणी उपसून सुकवलेल्या पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीचा, होता. तिथं पुनरुज्जीवनाचं पहिलं काम कालवे बुजवून पाणी परत आणण्याचं, झाडं त्यानंतर.

६ मे

मग आपल्या उताराची लय काय? जुन्या तोडीच्या खुंटांचे आडवे काप घासून पाहिले. आगीनं कॅम्बियम एका बाजूला मेलं की झाड कडेनं नवं लाकूड चढवून जखम झाकतं आणि ती खूण आत कायमची राहते. एका मोठ्या खुंटात अशा जखमा एकीत एक अडकलेल्या दिसल्या. आतल्या जखमांमध्ये अंतर जास्त, बाहेरच्या बाजूला दाटी. लँडसॅट उपग्रहांच्या जुन्या चित्रांतही तेच : अलीकडे आग लवकर लवकर येते आहे आणि कोरड्या हंगामाच्या शेवटी येते, जेव्हा सगळं कडकडीत सुकलेलं असतं.

भोवतालच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणं हाही याच कामाचा भाग. लोक जंगलात राहत आले अशा जगातल्या अनेक ठिकाणी हंगामाच्या सुरुवातीला, ओल असताना, लहान तुकडे जाळायची रीत सापडते. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अर्नहेम लँडमध्ये मूळ रहिवासी रेंजर ही रीत आज पुन्हा मोठ्या प्रमाणावर वापरतात आणि त्यामुळे हंगामाच्या शेवटचे मोठे वणवे कमी होतात. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांतले सोलिगा लोक सांगत आले आहेत की पाचोळ्याची हलकी आग बंद झाली आणि घाणेरी माजली. असं ज्ञान मार्गदर्शिकेच्या परिशिष्टात टाकून चालणार नाही, ते दुसऱ्या प्रकरणात घेतो आहे.

१२ जून

पहिला जोरदार पाऊस. पहाटेच घळीवर पोचलो. आच्छादन केलेल्या कडेखाली लावलेल्या कापडी अडथळ्यामागे थोडी राख आणि बारीक गाळ. तुलनेसाठी जाणूनबुजून मोकळ्या ठेवलेल्या छोट्या पट्टीखालचा अडथळा गाळानं भरून कलला होता, आणि वरच्या बाजूला बोटभर रुंदीच्या नाळी पडायला लागल्या होत्या. तुलना झाली, आता तिला उघडं ठेवण्यात अर्थ नाही. दुपारपर्यंत त्या पट्टीवरही पेंढा टाकला. आडवे ठेवलेले ओंडके एके ठिकाणी खालून पोखरले गेले. पाणी ओंडक्याखालून वाट काढतं, म्हणून तिथं माती ठासून बसवली.

२४ जून

उतार फुटला. लाल खूण केलेल्या, म्हणजे वरून मेलेल्या कित्येक झाडांच्या बुडाशी धुमारे आले आहेत. एका खुंटाभोवती गुडघे टेकून पाहिलं : लालसर, लुसलुशीत पानांचा झुबका, आणि एक धुमारा तर बुडापासून हातभर लांब, मुळावरून फुटलेला. या झाडाचं वरचं अंग नवं असेल, मूळ मात्र जुनंच आणि भलं खोल गेलेलं. आपल्या पिशवीतलं कुठलंही रोप याच्याशी बरोबरी करू शकणार नाही.

राखेच्या जागांवर शेवाळाची मखमल पसरली आहे. फ्युनेरिया नावाचं हे शेवाळ जळालेल्या जमिनीवर जगभर आढळतं. ते मातीचे कण धरून ठेवतं.

पूर्वी या उतारावर न दिसलेल्या काही शेंगवर्गी रोपांची दाटी आहे. त्यांच्या बियांचं कवच टणक असतं, उष्णतेनं तडकलं की पाणी आत जातं. काही बियांना उष्णता नव्हे, धूर लागतो. १९९० साली दक्षिण आफ्रिकेत हे दाखवलं गेलं आणि २००४ मध्ये धुरातला नेमका रेणू ओळखला गेला. तो अत्यल्प प्रमाणात असला तरी बी जागं होतं. रोपवाटिकेत काही हट्टी बियांवर धुराचं पाणी वापरून पाहायचं ठरवलं आहे. शेंगवर्गी रोपं हवेतला नत्र मातीत आणतात, आणि आगीत पहिल्यांदा उडून जातो तो नत्रच. नेमकी हीच रोपं आधी यावीत याचा मला मनापासून आनंद आहे.

१५ जुलै

चौकटी टाकून मोजणी केली आणि लागवडीचा निर्णय झाला. हलक्या आणि मध्यम भागात एकही रोप लावायचं नाही. फक्त चराई थांबवायची, कारण कोवळे धुमारे खुडले गेले तर मुळांचा साठा रिकामा होतो. घळीच्या मधल्या भागात ना धुमारे, ना बियाणं, आणि जवळचं जिवंत बेटही दूर. तिथं लावायचं, तेही त्याच घळीच्या वरच्या टोकाला वाचलेल्या झाडांच्या बियांपासून केलेलं, गटागटानं, मध्ये मोकळ्या जागा सोडून. रांगेत आखलेली एकजात दाट लागवड म्हणजे पुढच्या आगीसाठी रचलेलं इंधन.

हस्तक्षेप कुठं लागतो याचं चांगलं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं आहे. तिथल्या अल्पाइन ॲश या निलगिरीला तीव्र आगीनंतर धुमारे फुटत नाहीत, सगळी भिस्त शेंड्यावरच्या बियांवर. आणि बी धरायला झाडाला साधारण २० वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली की जंगल तिथं संपतं. म्हणून तिथं साठवलेलं बी हेलिकॉप्टरनं पेरतात. आपल्या घळीचा प्रश्न जातीनं त्यातलाच आहे, आकारानं लहान.

२ सप्टेंबर

घाणेरी आणि परकं उंच गवत उपटलं, दोन्ही बी धरायच्या आधी. पश्चिम अमेरिकेतल्या चीटग्रासनं दाखवून दिलं आहे की असं गवत लवकर सुकतं, आग लवकर आणतं, आणि आगीनंतर आणखी पसरतं. या फेऱ्यात सेजब्रश या तिथल्या झुडपाचे प्रचंड प्रदेश हातचे गेले. पुढची तीन वर्षं याच कामाला सर्वांत जास्त माणसं लावायची आहेत. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून लोक टिकवणं अवघड जातं. वेळापत्रक आत्ताच वाटून दिलं.

१८ नोव्हेंबर

झाडांची दुसरी तपासणी. मार्चमध्ये पिवळी खूण केलेली, म्हणजे काहीच बाजू गेलेली, काही झाडं आता वाळली. अर्धं कॅम्बियम गेलेलं झाड एक हंगाम तगतं आणि मग हार मानतं. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून जगली-मेली ठरवू नये, अशी सूचना मार्गदर्शिकेत ठळक घातली. उभ्या मेलेल्या झाडांवर सुतार पक्ष्यांची टोचणी सगळीकडे. घळीतली रोपं बरी आहेत.

९ जानेवारी

आता सर्वांत नाजूक भाग. लांबपानी पाइनची जंगलं अमेरिकेच्या आग्नेय भागात एके काळी सुमारे ९ कोटी एकर होती, ती एका टप्प्यावर ३ टक्क्यांच्या आसपास उरली होती. तोड हे एक कारण, आग थांबवणं हे दुसरं. आज तिथं दर दोन-चार वर्षांनी माणसं स्वतः जमीन जाळतात, आणि तसं केलं तरच रोपांना ऊन मिळतं. जळीत उताराची दुरुस्ती करताना पुढच्या आगीचा विचार टाळला तर सगळं काम पाण्यात जाईल, हे मी बैठकीत पुन्हा मांडलं.

विरोध झाला. ज्यांनी आग विझवताना केस होरपळून घेतले त्यांना पुन्हा काडी लावा म्हणणं सोपं नाही, आणि त्यांची भीती रास्त आहे. म्हणून आराखडा लहान ठेवला. घळ आणि न जळलेली बेटं आगीपासून कायम बाहेर, त्यांच्याभोवती जाळरेषा, म्हणजे आग ओलांडू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी. वरच्या गवताळ भागाचे तुकडे पाडायचे, एका वर्षी एकच तुकडा, हंगामाच्या सुरुवातीला, सकाळचं दंव उतरल्यावर, वारा मंद आणि एकाच दिशेचा असेल तरच, वरून खाली, वाऱ्याविरुद्ध. वन विभागाची लेखी परवानगी आणि त्यांची माणसं हजर असल्याशिवाय काहीही नाही. यंदा कुठलाच तुकडा जाळायचा नाही. धुमारे अजून कोवळे आहेत, साल जाड व्हायला वेळ द्यायचा. तोवर दर महिन्याला गवताचं वजन आणि ओल मोजायची. पहिली मोजणी सोमवारी.